पागे काकूंचं पेज

पागे काकूंचा माझ्यावर विश्वास होता असं मी कुठेही सांगत नाही. त्यांचा तो कुणावरच नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, पंचांगावर नव्हता, डॉक्टरांवर तर नव्हताच. नाशिकहून सख्ख्या मुलीचा फोन आला तरी पहिला प्रश्न असायचा, "आज कशी काय आठवण झाली? काय पाहिजे?" मुलगी बिचारी काही नको म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर काकू दिवसभर विचार करत बसायच्या, की काही नको होतं तर मग फोन का केला असेल.

जुनी इंदूरमधल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घराच्या बरोबर समोर. घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढची दुकान, मधली भाजायची, मागची राहायची. दुकानात चारच जिनसा मिळत. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि पुडचटणी. पागे मंडळी मूळची होळकरांच्या पागेतली, पण घोडे आणि मान दोन्ही गेल्याला जमाना झाला होता. काका कापडगिरणीत टाइमकीपर होते. ते गेल्यावर काकूंनी कढई चढवली आणि तीस वर्षं उतरवली नाही. सरदारांच्या घरात आणि रेल्वेच्या कारकुनाच्या घरात लग्नसंबंध होत नसतील, पण दोन्हीकडच्या थालीपिठाला भाजणी काकूंचीच असायची.

माल पिशवीत घालून द्यायची पद्धत तिथे नव्हती. आपला डबा आणायचा, नाव घातलेला. आपल्याकडे लग्नात, मुंजीत आलेल्या भांड्यांवर नाव घालून घेतात, तसला. पुडी मागितली की काकू विचारायच्या, "का, घरी डबा नाही?" डबा आला की झाकण उघडून त्यात नाक घालायच्या. साबणाचा वास आला, जुन्या तेलाचा आला, की डबा परत. एकदा एका निवृत्त जज्जसाहेबांच्या पत्नीचा डबा त्यांनी भर गिऱ्हाइकांत परत केला. "वहिनी, हा लोणच्याचा होता. चार दिवस उन्हात टाका, मग आणा." वहिनी लाल झाल्या, बडबडत गेल्या आणि पाचव्या दिवशी डबा घेऊन हजर झाल्या. पास झालेला डबा फळीवर चढायचा. ताजी भाजणी उतरली की भरला जायचा आणि दुसऱ्या दिवशी मालकीण येऊन न्यायची. त्यामुळे दुकानात शिरलं की समोर नुसती नावं दिसायची. सौ. कमल, सौ. सुशीला, चि. सौ. कां. अमुक तमुक.

भाजायचं काम रेखाबाईचं. ती मालव्यातली, बावीस वर्षं त्या कढईपुढे बसलेली. काकूंची मनगटं संधिवातानं कधीच गेली होती, नाक मात्र शाबूत होतं. काकू पुढच्या खोलीत बसून ओरडायच्या, "रेखा, ज्वारी उतार." आणि रेखाबाई म्हणायची, "उतार दी, माँजी." नाक एकीचं आणि हात दुसरीचा, असं ते दुकान होतं. एवढी जवळची बाई, पण गोड्या मसाल्यात शेवटच्या दोन जिनसा घालायची वेळ आली की काकू तिच्याकडे पाठ करायच्या. रेखाबाईला त्या दोन जिनसा अर्थातच ठाऊक होत्या, कारण कोठीत झाडू तीच मारायची. पण तिनं ते कधी दाखवलं नाही.

आणि मग मंदी आली.

मंदीबद्दल पेपरात काय यायचं ते मला समजायचं नाही, पण आमच्या गल्लीत ती कशी दिसायची ते सांगते. आधी लॉकडाउन झालं, माणसं गेली, मग जी राहिली त्यांच्या नोकऱ्या गेल्या. मी एका प्रवासकंपनीत होते. अकरा जणांच्या ऑफिसात तीन राहिले आणि मी उरलेल्या आठांत निघाले. त्रेचाळिसाव्या वर्षी मी तीन महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं आणि कुणी काम देतंय का याची वाट बघत खिडकीत बसले. खिडकीतून काकूंचं दुकान दिसायचं. फळीवरचे डबे कमी होत होते. मुलं पुण्याला आणि बंगलोरला, घरात दोन म्हातारी माणसं, ती भाजणी खाणार तरी किती. ज्यांना हवी होती ती सवलतीत मिळणारं मॉलमधलं तयार पीठ आणू लागली होती. रेखाबाई सहा दिवसांच्या जागी तीनच दिवस येताना दिसू लागली.

एक दिवस मी रस्ता ओलांडून गेले आणि म्हटलं, "काकू, मी तुमच्या दुकानाचं पेज काढते."

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुला काय मिळणार त्यात?"

"अनुभव मिळेल. पुढे दुसऱ्यांना दाखवता येईल."

"मतलब माझ्यावर हात साफ करून राहिली तू."

ते खरंच होतं. त्याच वेळी रेखाबाई आतून आली आणि पदरानं हात पुसत म्हणाली, "माँजी, तीन दिन के काम में घर नी चले. साँवेर रोड पे पैकिंग की फैक्टरी में बुला रिये हैं. दिवाली तक देखती हूँ, फिर जाना पड़ेगा."

रेखाबाई गेली तर कढई बंद, कढई बंद तर दुकान बंद, आणि दुकान बंद झालं की मुलगी येऊन नाशिकला घेऊन जाणार, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. नाशिकला काकूंना कुणी वाईट वागवलं नसतं. पण तिथे त्यांना विचारणार कोण, आणि त्या ओरडणार कुणावर. काकूंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "फोटो माझा नाही ना लागणार?"

असं ते पेज सुरू झालं.

मुलीनं दिलेला एक बरा फोन काकूंकडे होता. तो नेहमी पालथा ठेवलेला असायचा. एकदा त्या रेखाबाईशी गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल बोलल्या आणि तासाभरात फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली, तेव्हापासून. "हा ऐकतो," त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. मी तीन महिन्यांत शिकलेलं सगळं ज्ञान वापरून ते तसं नसतं म्हणून समजावलं. पण मला स्वतःलाही पक्कं माहीत नव्हतं आणि ते त्यांनी बरोबर ओळखलं. गोडा मसाला करायच्या दिवशी त्या फोनवर पातेलं पालथं घालायच्या. वर माझाही फोन मागून घ्यायच्या आणि त्याच पातेल्याखाली सरकवायच्या.

फोटोंवरून आमचं रोज वाजायचं. मला कढई हवी होती, वाफ हवी होती, भाजल्या जाणाऱ्या डाळीचा रंग हवा होता. काकू म्हणायच्या, रंग दिसला की कुठवर भाजली ते समजणाऱ्याला समजतं, मग आपल्याजवळ राहिलं काय. शेवटी डब्यांचे फोटो काढायला परवानगी मिळाली, तीही झाकण बंद असताना. मी आपले बंद डब्यांचे फोटो टाकत राहिले. खाली लिहायची, 'आत काय आहे ओळखा.' लोकांना ते आवडलं. पहिल्या आठवड्यात एका फोटोला एकशे चाळीस लाइक आले आणि मी धावत सांगायला गेले.

काकूंनी आकडा दोनदा विचारला. मग म्हणाल्या, "आवडलं म्हणून राहिले. पण चाखलं किती जणांनी?"

"चाखतील ना आता."

"न चाखता ज्याला आवडतं, तो मला ठीक नाही वाटत, शुभे."

मी हसले, पण घरी येऊन मोजलं तर एकशे चाळिसांतून ऑर्डर एकच होती. तीही माझ्या मावसबहिणीची.

मग मी कोर्समध्ये शिकवलेला पुढचा उपाय काढला. पहिल्या पंचवीस जणांना मेतकुटाची पुडी मोफत. मोफत हा शब्द ऐकून काकूंच्या कपाळाला ज्या आठ्या पडल्या त्या दोन दिवस गेल्या नाहीत. फुकट वाटतात म्हणजे माल शिळा असणार, असं लोक समजतील. निदान त्या स्वतः तरी तसंच समजल्या असत्या. रेखाबाईकडे बोट दाखवून मी त्यांना तयार केलं. त्या शनिवारी दुकानासमोर इंदुरी थाटाची रांग लागली. कुणी पोह्यांचा द्रोण हातात घेऊनच आलेलं, कुणी स्कूटरवर बसूनच, "भिया, फ्रीवाला मिल रिया क्या?" काकू काउंटरवर बसल्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागल्या, "घरात मेतकूट कोण खाणार?" ज्याला नाव सांगता आलं त्याला पुडी. सासूबाई म्हटलं की त्यांचं माहेर कुठलं. पंचवीसपैकी अकरा पुड्या गेल्या आणि बाकीचे लोक आम्हाला फसवे म्हणून निघून गेले. पेजवर तशा दोन पोस्टही पडल्या.

त्या रांगेत बिहारकडचा एक बँकवाला तरुण होता. त्यानं सरळ सांगितलं, "माताजी, मुझे तो पता भी नहीं ये क्या होता है." मला वाटलं, गेला हा. काकूंनी त्याला मागच्या खोलीत नेलं, गरम भात वाढला, वर तूप आणि मेतकूट घातलं, आणि तो खाताना समोर बसून त्याच्या तोंडाकडे पोलिसासारख्या बघत राहिल्या. तो पुढे दर पंधरवड्याला यायचा. "एवढ्या लोकांत एक खरं बोलला," काकू म्हणायच्या. तरी त्याचाही डबा हुंगल्याशिवाय त्यांनी कधी भरला नाही.

असे एकेक करून मोजके आठ-दहा नवे लोक जोडले गेले. पण गणपती होऊन गेले, दसरा तोंडावर आला आणि रेखाबाई अजून तीनच दिवस येत होती. फॅक्टरीवाल्यांचा तिला दुसऱ्यांदा निरोप आला. दिवाळीच्या भाजणीचा हंगाम हाच, आणि तोच कोरडा जायच्या बेतात होता. त्या सुमारास मी दुसऱ्या एका मसालेवाल्याचं पेज बघत बसायची. त्याचा मसाला मी खाल्लेला होता. लाकडाचा भुसा बरा. पण त्याच्या पेजवर सुंदर चौकटीत 'ग्राहक म्हणतात' म्हणून कौतुकाच्या ओळी, खाली बाईचं नाव, वस्तीचं नाव. डझनांनी. ती सगळी खोटी आहेत याबद्दल मला शंका नव्हती आणि तरी ती वाचताना तोंडाला पाणी सुटायचं. लोक अडचणीत असले की नव्या ठिकाणी पाय टाकायला घाबरतात. त्यांना आधी कुणी गेलेलं दिसावं लागतं. आमच्याकडे तीस वर्षांत हजारो बायका येऊन गेल्या होत्या, पण लिहून कुणीच ठेवलं नव्हतं.

मी सात चौकटी केल्या.

मजकूर सोपा होता. 'आमच्याकडे तीन पिढ्या हीच भाजणी.' 'माहेरची आठवण येते.' असलंच. नावं मात्र मला खरी वाटतील अशी हवी होती, म्हणून मी ती डब्यांवरून घेतली. तीही विचार करून. रोजच्या फळीवरचे डबे घेतले असते तर ती बाई दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाली असती, मी कुठे असं बोलले. म्हणून मी सगळ्यांत वरची फळी निवडली. तिथे सात डबे कधीचे होते, पालथ्या झाकणांचे. रिकामे. त्यांना न्यायला कुणी येताना मी पाहिलं नव्हतं. न्यायला येत नाहीत म्हणजे विचारायलाही येणार नाहीत, एवढा हिशेब मी केला. काकू ती फळी रेखाबाईला पुसू देत नाहीत, स्वतः स्टुलावर चढून पुसतात, हे मी रोज बघत होते. त्याचं कारण विचारायचं मला सुचलं नाही. सौ. विमल तांबे हे त्यातलं पहिलं नाव. तिच्या तोंडी मी घातलं होतं, 'थालीपीठ लावलं की घरात सगळे आपोआप स्वयंपाकघरात येतात.'

त्या सात चौकटी मराठी मंडळांच्या ग्रुपांतून फिरल्या आणि फोन वाजू लागला. महूहून, देवासहून, उज्जैनहून. डबा पाठवता येत नव्हता म्हणून काकूंनी नाइलाजानं पाकिटांना हो म्हटलं, आणि प्रत्येक पाकीट बांधायच्या आधी त्यातही नाक घातलं. रेखाबाई चार दिवस, मग पाच, मग सहा दिवस येऊ लागली. कढईचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत यायचा. तिनं फॅक्टरीवाल्यांना नाही म्हणून कळवलं तेव्हा काकूंनी तिला मागच्या खोलीतून नवं लुगडं आणून दिलं आणि वर सांगितलं, रंग जाईल म्हणे, बघून घे.

पण गिऱ्हाईक वाढलं तशा काकू जास्तच सावध झाल्या. प्रत्येक नव्या माणसाला फोनवर विचारायच्या, "आमचं नाव कुणी सांगितलं?" एका दुपारी मी पाकिटांवर पत्ते लिहीत होते. काकूंनी फोन कानाला लावलेला. पलीकडून कुणी काहीतरी म्हणालं आणि त्या एकदम थांबल्या.

"कोण तांबे?" त्यांनी विचारलं. मग बराच वेळ ऐकत राहिल्या. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "ही बाई म्हणते, विमल तांबेचं वाचून फोन करून राहिली."

"हो," मी पत्त्यावरून मान वर न करता म्हटलं. "सुदामानगरच्या आहेत एक. त्यांनी पाठवलं होतं."

"मी तिला पाहिली आहे?"

"नसेल. नवीन आहेत."

त्यांनी विश्वास ठेवला नाही हे मला कळलं, आणि त्या अजून खोदून विचारतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं नाही. बावीस वर्षं सोबत असलेल्या रेखाबाईलाही पाठ दाखवणारी ही बाई, त्या दिवशी मात्र तिनं माझ्यापुढे मान फिरवली. का, ते मला पुढे समजलं. आत रेखाबाई कढई हलवत होती, सहाही दिवस.

चार दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, एक तिशीची बाई दुकानात आली. हातोदच्या शाळेत शिकवते म्हणाली, सुट्टी टाकून आली होती. साधी, नीटनेटकी. चप्पल बाहेर काढून आत आली, देवळात यावं तशी. तिनं फोनवरची चौकट काकूंपुढे धरली.

"काकू, मी विमल तांबेंची मुलगी. मंडळाच्या ग्रुपवर हे आलं. आईनं हे तुम्हाला कधी लिहून दिलं होतं?"

काकूंनी चष्मा लावला आणि चौकट वाचली. पहिल्यांदाच वाचत होत्या. मी त्यांना कधी दाखवल्याच नव्हत्या.

मुलगी बोलत राहिली. "आई दुसऱ्या लाटेत गेली. हॉस्पिटलमधून आम्हाला तर मिळालीही नाही. घरात तिच्या हातचं काहीच नाही हो. किराण्याची यादीसुद्धा ती तोंडीच सांगायची. आणि हे बघितलं ना, तर वाटलं की अरे, हिनं इथे चिठ्ठी लिहून ठेवली. घरात सगळे स्वयंपाकघरात येतात म्हणून. आम्ही यायचोच तसे." ती हसली. "मला ती चिठ्ठी मिळेल का? झेरॉक्स करून परत देईन, चाललं तर."

मी भांडायची तयारी ठेवली होती. कुणी येऊन ओरडलं तर काय बोलायचं, चूक झाली म्हणायचं, काढून टाकायचं, सगळं मनात घोकून ठेवलं होतं. आनंदानं कुणी येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आजही तो प्रसंग आठवला की मला माझीच किळस येते.

काकूंनी चष्मा काढला. माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. चिठ्ठी हरवली, म्हणता आलं असतं. सापडली की कळवते, म्हणता आलं असतं. मुलगी तेवढ्यावर सुखानं गेली असती आणि दिवाळीही निघाली असती. मी मनातल्या मनात विनवत होते की त्यांनी तसंच म्हणावं.

"बेटा, बस," काकू म्हणाल्या. "तुझ्या आईनं हे नाही लिहिलं. हे आम्ही लिहिलं. तिचं नाव आम्ही डब्यावरून उचललं."

मुलीला ते लगेच समजलं नाही. तिनं पुन्हा फोनकडे बघितलं. "पण हे तर बरोबर आहे," ती म्हणाली.

"बरोबर असेल. तिचं नाही."

काकू स्टुलावर चढल्या. मी मदतीला पुढे झाले तर हातानंच मला बाजूला केलं. वरच्या फळीवरचा डबा काढला, पदरानं पुसला आणि मुलीच्या हातात दिला. "शेवटची इथे आली तेव्हा ठेवून गेली होती. भरून ठेवते म्हटलं होतं मी. मग सगळंच बंद झालं." मुलगी डब्यावरच्या नावावरून बोट फिरवत उभी राहिली. मग बाहेर जाऊन चपला घातल्या आणि डबा छातीशी धरून निघून गेली. जाताना माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मी कोण हे तिला माहीतच नव्हतं. 'आम्ही' म्हणून काकूंनी मला झाकलं होतं.

वरच्या फळीवर सहा राहिले. त्यांच्या मालकिणीही सगळ्या त्याच वर्षात गेलेल्या, हे मला रेखाबाईनं सांगितलं.

"मला शक होता," काकू म्हणाल्या. "तू सुदामानगर म्हणाली तेव्हाच होता. पण रेखाचं काम चालू होतं ना. म्हणून मीही चुप बसली." मग म्हणाल्या, "आता लिही. सातही खोटं होतं म्हणून लिही. माझ्या नावानं."

मी खूप समजावलं. नुसत्या चौकटी काढून टाकू, कुणाला कळणार नाही, दिवाळीला आठवडाच राहिलाय, गिऱ्हाईक तुटेल. शेवटी रेखाबाईचं नाव काढलं. काकूंनी तिला आतून बोलावलं आणि सगळं हिंदीत समजावून सांगितलं, अगदी चौकटीतल्या ओळींसकट. रेखाबाईनं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "लिख दो, दीदी. माँजी को आगे पूछ-पूछ के बेचना है, इनसे कोई पूछ ले तो क्या बोलेंगी?" मग ती कढईकडे परत गेली.

मी लिहिलं. चार ओळी. आमच्या पेजवरचे सात अभिप्राय खोटे होते, त्या बायका आता हयात नाहीत, त्यांच्या घरच्यांची माफी मागते. खाली काकूंचं नाव. त्या पोस्टला जेवढी माणसं आली तेवढी आमच्या कुठल्याच जाहिरातीला आली नव्हती. काहींनी खरेपणाचं कौतुक केलं, बहुतेकांनी लाज काढली. कौतुक करणाऱ्यांनीही ऑर्डर दिली नाही. नोंदवलेल्या रद्द झाल्या. बँकवाला तरुण तेवढा येत राहिला. सहा घरांतली माणसं एकेक करून आली. एकानं काकूंना दारातच नको नको ते ऐकवलं, आणि काकू मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी तेवढा वेळ मधल्या खोलीत दडून बसले होते. बाहेर यायला हवं होतं मी.

दिवाळीनंतर मुलगी नाशिकहून आली. भांडी बांधली गेली, कढई रेखाबाईकडे गेली. आधी नाही म्हटलं होतं तरी फॅक्टरीवाल्यांनी रेखाबाईला घेतलं, पण सगळ्यांत खालच्या कामावर. तिचा पहिला दिवस आणि काकूंचा इंदुरातला शेवटचा दिवस एकच होता. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. काकूंनी सामान मुलीवर सोडलं आणि मला रिक्षा बोलवायला सांगितली. "मी येऊन राहिली रेखाबरोबर. कुठे जाते ती ते बघते."

साँवेर रोडच्या त्या फॅक्टरीच्या फाटकाशी काकूंनी गार्डला अर्धा तास धरून ठेवला. आत पंखे आहेत का. प्यायचं पाणी कुठलं. बसून काम की उभं राहून. गार्ड आधी वैतागला, मग घाबरला, मग माँजी म्हणू लागला. रेखाबाई खाली बघत उभी होती. आत जायची घंटा झाली तेव्हा तिनं वाकून काकूंच्या पायाला हात लावला आणि नव्या पोरींच्या रांगेत शिरली. फाटक बंद झालं.

"चला काकू," मी म्हटलं.

"छुट्टी कितने बजे?" काकूंनी गार्डला विचारलं.

"छह बजे, माँजी."

रस्त्यापलीकडे एका चहाच्या टपरीचं बाकडं होतं. काकू रस्ता ओलांडून गेल्या आणि त्यावर बसल्या. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मी म्हटलं, घरी मुलगी वाट बघतेय, बांधाबांध राहिलीय, एवढा वेळ इथे काय करणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"ये लोग छह म्हणतात," त्या म्हणाल्या. "सोडतात का ते बघून जाईन. तू जा."

मला त्या दिवशी एका कपडेवाल्याकडे कामाचं बघायला जायचं होतं, म्हणून मी गेले. रिक्षा वळताना मागे पाहिलं. बाकड्यावर काकू पाठ ताठ करून बसल्या होत्या, आणि नजर बंद फाटकावर होती.